फिनिश बोलीभाषा आणि पुस्तकातली फिनिश: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हेलसिंकी, एस्पो, तांपेरे, ओउलुकडे नोकरी-शिक्षणासाठी येणारे मराठी लोक आता बरेच झालेत आणि भाषेबद्दल सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. फिनिश शब्द देवनागरीतच लिहिलेत. ज्या ‘अ’वर दोन टिंबं असतात तो ‘ॲ’ किंवा ‘मॅ’ सारखा लिहिलाय, आणि स्वर लांबवायचा असेल तिथे ‘ऽ’ टाकलाय. फिनिशमध्ये लांबी चुकली की शब्दच बदलतो, त्यामुळे ते चिन्ह सोडून वाचू नका.

वर्षभर क्लास केला, पुस्तक संपवलं, तरी बसमध्ये लोक काय बोलतात ते कळत नाही. माझंच काही चुकतंय का?

अजिबात नाही. क्लासात शिकवतात ती ‘किर्याकिएली’, म्हणजे लिहायची भाषा. बातम्या, सरकारी पत्रं, कायदा, शाळेची पुस्तकं सगळं तिच्यात असतं. पण घरात ही भाषा जशीच्या तशी कोणीच बोलत नाही, ती कोणाचीही मातृभाषा नाही. फिनिश मूल घरी एक बोलतं आणि शाळेत जाऊन दुसरी शिकतं. तुम्ही उलट्या दिशेने आलात एवढंच.

उदाहरण घ्या. पुस्तकात ‘आम्ही जातो’ म्हणजे ‘मे मेनेम्मे’. प्रत्यक्षात सगळीकडे ऐकू येतं ‘मे मेन्नॅऽन’. व्याकरणाच्या हिशोबाने हे कर्मणी रूप आहे पण बोलताना ते सरळ ‘आम्ही’साठी वापरतात, प्रोफेसरसुद्धा. ‘माझं घर’ पुस्तकात ‘मिनुन तालोनी’, म्हणजे ‘माझं’ सुरुवातीला पण आणि शेवटच्या ‘नी’मध्ये पण. बोलताना ‘मुन तालो’, संपलं. ‘ते आहेत’ हे पुस्तकात ‘हे ओवात’ आणि रस्त्यावर ‘ने ओन’. अशी दहा-बारा रूपं पाठ केली ना की बसमधलं बरंच ऐकू यायला लागतं, खरंच.

म्हणजे ही बोलीभाषा झाली ना?

पूर्ण नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वर सांगितलं ते ‘पुहेकिएली’, बोलायची भाषा, जी आता साधारण देशभर सारखी झालीय आणि तिच्यावर हेलसिंकी आणि आसपासच्या दक्षिण भागाची छाप जास्त आहे. ‘मुर्रे’ म्हणजे प्रादेशिक बोली, गावाची, जिल्ह्याची, तिचे स्वतःचे उच्चार, शब्द आणि व्याकरण असतं. तांपेरेतला पोरगा ऑफिसमध्ये पुहेकिएली बोलेल आणि आजीला फोन लावला की त्याच तोंडातून हॅमेची बोली बाहेर पडेल. बहुतेक लोक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, समोर कोण आहे त्यावर सरकत राहतात.

एकूण बोली आहेत तरी किती?

अभ्यासक आधी दोन भाग करतात, पश्चिम आणि पूर्व. पश्चिमेत नैऋत्येची (तुर्कु, राउमा) बोली, तिच्या शेजारच्या मधल्या बोली, हॅमेची, दक्षिण पोह्यान्माची (पोह्यान्मा म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडचा प्रदेश), मध्य-उत्तर पोह्यान्माची आणि थेट लॅपलंडकडची पेरॅपोह्योला. पूर्वेत फक्त दोन गट, सावो आणि आग्नेय. पण त्यात सावोचा प्रदेश सगळ्यात मोठा आहे, क्युओपिओपासून मध्य फिनलंड, काइनू, पार उत्तर कारेलियापर्यंत.

हा सावो एवढा पसरला त्याला कारण शेती. जंगल तोडायचं, जाळायचं, राखेत राय नावाचं धान्य पेरायचं, जमिनीचा कस गेला की पुढे सरकायचं. १६व्या शतकात स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याला ओसाड जंगलात वस्ती हवीच होती, त्यामुळे सावोचे शेतकरी उत्तरेला, पश्चिमेला पांगत गेले, काही तर स्वीडन-नॉर्वेच्या सीमेवरच्या जंगलात पोचले आणि तिथे सावोची फिनिश २०व्या शतकापर्यंत ऐकू येत होती. पूर्व-पश्चिम फरक मात्र याहून जुना. १३२३ साली स्वीडन आणि नोव्हगोरोद (तेव्हाचं एक रशियन राज्य) यांनी तह करून सीमा आखली आणि कारेलियन लोक दोन राज्यांत विभागले गेले, तो परिणाम आजही भाषेत दिसतो.

मग प्रमाण फिनिश नक्की कोणत्या गावची?

कोणत्याच एका गावची नाही, आणि मला वाटतं सगळ्या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बोली म्हणजे प्रमाण भाषा बिघडून तयार झालेलं काहीतरी, असा समज घेऊन आपण येतो. इथे झालं नेमकं उलटं, बोली आधी होत्या आणि त्यांचे तुकडे शिवून प्रमाण भाषा केली गेली.

मिकाएल अग्रिकोला या धर्मसुधारकाने १५४३ च्या सुमाराला फिनिशमधलं पहिलं छापील पुस्तक काढलं, मुळाक्षरांचं, आणि १५४८ मध्ये नवा करार. तेव्हा धर्मपीठ तुर्कुला, म्हणून त्याची फिनिश तुर्कुकडची. संपूर्ण बायबल १६४२ मध्ये आलं, तेही पश्चिमेच्या वळणाचं. पुढे १८०९ साली फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला, फिनिश भाषेची अस्मिता जागी झाली आणि पूर्वेच्या लोकांनी विचारलं की आमची भाषा का नाही? रेइनहोल्ड फॉन बेकर यांनी १८२० मध्ये तुर्कुतून साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात पूर्वेची रूपं आणली. कार्ल आक्सेल गोट्टलुंड तर सावोच्या बोलीत लिहायला लागले. या सगळ्या वादाला इथे ‘बोलींची लढाई’ असंच म्हणतात. ‘कालेवाला’ हे महाकाव्य जुळवणारे एलिअस ल्योन्रोत यांनी मधला रस्ता काढला, हाडं पश्चिमेची ठेवली आणि शब्द, रूपं पूर्वेकडून भरपूर घेतली. १८६३ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याने फिनिशला २० वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीला आणण्याचा हुकूम काढला आणि मग या शिवलेल्या भाषेत शाळा, कोर्ट, सगळं यायला लागलं.

याचा पुरावा रोजच्या शब्दांत आहे. ‘संध्याकाळ’ला प्रमाण शब्द ‘इल्ता’, तो पूर्वेचा, पश्चिमेचा जुना शब्द ‘एह्तोऽ’. ‘उन्हाळा’ म्हणजे ‘केसॅ’, तोही पूर्वेचा, पश्चिमेत ‘सुवी’ होतं. तुर्कुकडच्या म्हाताऱ्या बाईने ‘एह्तोऽ’ म्हटलं तर ती चुकत नाहीये, तिचा शब्द फक्त निवडीत हरला.

‘द’बद्दल सगळे बोलतात, ते काय प्रकरण आहे?

हे भारी आहे. प्रमाण फिनिशमध्ये ‘आमचं’ म्हणजे ‘मेइदॅन’. आता हा ‘द’ जुन्या बोलींत जवळजवळ कुठेच नव्हता. पूर्वी तिथे जीभ दातांना लावून काढायचा एक मऊ, घासला जाणारा आवाज होता, जुन्या लेखकांनी तो लिहिताना ‘द’चं अक्षर वापरलं, मग मूळ आवाज लोकांच्या तोंडातून गेला, अक्षर मात्र कागदावर राहिलं आणि स्वीडिश बोलणाऱ्या शिकलेल्या लोकांनी ते जसं दिसलं तसं वाचलं. तोच उच्चार प्रमाण ठरला, म्हणजे हा ‘द’ चक्क कागदावरून तोंडात आलाय.

गावोगावी लोकांनी त्या हरवलेल्या आवाजाचं काय केलं ते बघा. दक्षिण पोह्यान्मात आणि पश्चिमेला बऱ्याच ठिकाणी ‘र’ केला, ‘मेइरॅन’. हॅमेच्या काही भागात ‘ल’, ‘मेइलॅन’. सावोत आणि पूर्वेला ‘मेइयॅन’. उत्तरेला आवाजच टाकून दिला, ‘मेॲन’. माणूस कुठला आहे हे ओळखायचं असेल तर मी पहिला कान इथेच लावतो.

‘जंगल’चंही असंच झालं. पुस्तकात ‘मेत्सॅ’, पण देशाच्या मोठ्या भागात ‘मेत्तॅ’. त्यातही गंमत अशी की ‘जंगलाचा’ म्हणताना पश्चिमेला बरेच जण ‘मेत्तॅन’ म्हणतात आणि पूर्वेला ‘मेतॅन’, एका ‘त’चा फरक आणि अर्धा देश पलीकडे.

‘मी’ म्हणायचे इतके प्रकार कसे?

पुस्तकात ‘मिनॅ’. हेलसिंकीत ‘मॅ’. तुर्कु आणि तांपेरेला ‘मॅऽ’. राउमाला ‘म्नॅऽ’, मधला स्वर गिळून टाकलाय. आग्नेयेला लाप्पेनरांता, इमात्रा भागात ‘मिए’, आणि तिथून शेकडो किलोमीटर लांब, लॅपलंडलाही ‘मिए’. ‘तू’ पण त्याच चालीने, ‘सिनॅ’, ‘सॅ’, ‘सॅऽ’, ‘स्नॅऽ’, ‘सिए’. तांपेरे आणि ओउलुला ‘तू’साठी ‘नॅऽ’ पण ऐकू येतं, नवीन माणूस तिथे हमखास अडखळतो. पूर्वेला ‘आम्ही, तुम्ही, ते’ हे ‘म्यूओ, त्यूओ, ह्यूओ’ होतात, पश्चिमेला ते ‘मे, ते, हे’च राहतात.

ओउलुला नोकरी लागलीये. तिथली बोली कशी ओळखायची?

ओउलुचं एक वाक्य सगळ्या फिनलंडला तोंडपाठ आहे: ‘ओऽक्को नॅऽ ओउलुस्ता, पेलेकॅऽक्को नॅऽ पोल्लीऽसिया?’ म्हणजे ‘तू ओउलुचा आहेस का, पोलिसांना घाबरतोस का?’ पुस्तकात हे ‘ओलेत्को सिनॅ ओउलुस्ता, पेल्कॅऽत्को सिनॅ पोलीऽसिया’ असं होईल. दोन्ही शेजारी ठेवून हळू वाचा, त्यात उत्तरेची अर्धी बोली आहे. ‘ओलेत्को’ आखडून ‘ओऽक्को’ झालं. ‘सिनॅ’चं ‘नॅऽ’ झालं. ‘पोलीऽसिया’मध्ये पुढे लांब स्वर आहे म्हणून आधीचा ‘ल’ दुप्पट झाला. आणि ‘पेल्कॅ’चं ‘पेलेकॅ’ झालं, ‘ल’ आणि ‘क’च्या मध्ये एक छोटा स्वर घुसला.

हा घुसणारा स्वर नीट समजून घ्या कारण तो ओउलुपुरता नाही, पोह्यान्मा आणि सावो दोन्हीकडे भेटतो. तो कुठला असणार हे आधीच ठरलेलं असतं, मागच्या स्वराचीच नक्कल. ‘याल्का’ (पाय) चं ‘यालाका’, ‘कोल्मे’ (तीन) चं ‘कोलोमे’, ‘वान्हा’ (म्हातारा) चं ‘वानाहा’, ‘क्युल्मॅ’ (थंड) चं ‘क्युल्युमॅ’. नियम इतका सरळ आहे की दोन आठवड्यांत कान आपोआप तो स्वर काढून टाकतो. बटाट्याला तिथे ‘पोत्तु’ म्हणतात, पुस्तकातला ‘पेरुना’ नाही, तेही बाजारात लक्षात ठेवा.

सावोच्या लोकांवर एवढे विनोद का?

त्यांची बोलायची ढब. देशभर म्हण आहे की सावोचा माणूस बोलायला लागला की जबाबदारी ऐकणाऱ्याची. सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं तिथे जरा उद्धटपणाचं वाटतं, म्हणून त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘सुआत्ताऽपी ओल्ला, वुआन सुआत्ताऽपी ओल्ला ओलेमात्ताकी’, ‘असेलही, पण नसेलही’. मला हे वाक्य मनापासून आवडतं. ‘साऽत्ताऽ’मधला पहिला लांब ‘आऽ’ फुटून ‘उआ’ झालाय, ‘वाऽन’चं ‘वुआन’ झालंय, आणि तो शेवटचा ‘पी’ म्हणजे क्रियापदाचा जुना प्रत्यय, जो प्रमाण भाषेने सोडून दिला पण पूर्वेच्या बोलींनी आणि जुन्या लोकगीतांनी सांभाळून ठेवला.

सावोचे बाकी नियमही ठरलेले आहेत. ‘माऽ’ (जमीन) चं ‘मुआ’, ‘पॅऽ’ (डोकं) चं ‘पिॲ’, ‘पोइका’ (मुलगा) चं ‘पोएका’, ‘आइका’ (वेळ) चं ‘आएका’. ‘काला’ म्हणजे मासा, त्याचं ‘कालाऽ’ हे रूप तिथे ‘काल्लाऽ’ होतं. शेवटचा व्यंजन मऊ होऊन त्यात ‘य’ मिसळतो, ‘तुली’ (आला) ऐकायला ‘तुल्य्’सारखं येतं. क्युओपिओच्या बाजार चौकाला लोक प्रेमाने ‘मुआलिमान नापा’, जगाची बेंबी म्हणतात, पुस्तकात ते ‘माऽइल्मान नापा’ झालं असतं आणि त्यात काही मजा राहिली नसती.

विनोदामुळे एक नुकसान मात्र होतं, लोकांना वाटतं की ही बोली विनोदासाठीच आहे. याच बोलीत माणसं प्रेम करतात, भांडतात, मयताला जातात.

पश्चिमेचं काय? तुर्कुचे लोक शब्द खातात असं ऐकलं.

खातात, पण शिस्तीत. शेवटचा स्वर गळतो. ‘घरात’ पुस्तकात ‘तालोस्सा’, तिथे ‘तालोस’. ‘तुर्कुत’ म्हणजे ‘तुरुस’. समुद्रापलीकडच्या एस्टोनियन भाषेशी या बोलीची बरीच साम्यं आहेत, ये-जा जुनी आहे. एक ठिकाण जपून: नैऋत्येत ‘मॅऽ सानोसी’ म्हणजे ‘मी म्हणालो’. पुस्तकात ‘सानोइसिन’ म्हणजे ‘(अमुक झालं तर) मी म्हणेन’. बाकीचे फिनिश लोकसुद्धा इथे क्षणभर थबकतात.

राउमा त्याहून एक पायरी पुढे. ते बंदराचं गाव, जहाजी लोकांचं, त्यामुळे परदेशी शब्द बोलीत भरपूर, बोलायचा वेगही जास्त. फिनिश माणसाला सगळ्यात अवघड बोली कुठली विचारलं तर बरेच जण राउमाचं नाव घेतात.

हॅमे, म्हणजे तांपेरेचा पट्टा, तिथे जोडस्वराचं तोंड मोठं उघडतं. ‘सुओमी’ (फिनलंड) चं ‘सुआमी’, ‘त्यूओ’ (काम) चं ‘त्यूॲ’, ‘मिएस’ (माणूस) चं ‘मिॲस’. आणि भेटल्यावर ‘मोरो’.

दक्षिण पोह्यान्मात, सेइनॅयोकीच्या आसपास, ‘ह’ टिकून आहे. ‘घरात जाणं’ याचं प्रमाण रूप ‘तालोऽन’, तिथे ‘तालोहोन’. लॅपलंडला तोच ‘ह’ पुढे उडी मारून ‘ताल्होऽन’ होतो. हा ‘ह’ आधी सगळीकडेच होता, प्रमाण भाषेने बऱ्याच ठिकाणी टाकला आणि या दोन प्रदेशांनी धरून ठेवला.

हेलसिंकीची पण बोली असते का?

तिथे ‘स्तादिन स्लांगी’, म्हणजे ‘शहराची स्लँग’. १९व्या शतकाच्या शेवटी काल्लिओसारख्या कामगार वस्त्यांत फिनिश, स्वीडिश आणि रशियन बोलणारी पोरं एकाच गल्लीत खेळायची, त्यातून ही तयार झाली. ‘स्तादी’ (शहर) स्वीडिशमधून, ‘हिमा’ (घर) स्वीडिशमधून, ‘साफ्का’ (खाणं) आणि ‘मेस्ता’ (जागा) रशियनमधून. सायकलला ‘फिल्लारी’, बसला ‘द्योसॅ’. जुन्या फिनिश शब्दांची सुरुवात ‘ब’, ‘द’, ‘ग’ने होत नाही, स्लँगमध्ये मात्र हे आवाज मुद्दाम पुढे येतात.

माणसाला ‘से’ म्हणतात, म्हणजे ‘ते’ वस्तूला म्हणतात तसं. हा अपमान नाही का?

नाही. पुस्तकात नियम आहे की माणसासाठी ‘हॅन’, वस्तूसाठी ‘से’. (‘तो’ आणि ‘ती’ असा भेद फिनिशमध्ये नाहीच, दोघांना ‘हॅन’.) पण हा नियम लिखित भाषेने घालून दिलेला. बोलींत माणसालाही ‘से’च म्हणतात, आणि ‘हॅन’ला तिथे वेगळंच, जास्त बारीक काम आहे. समजा कोणी म्हणालं ‘से सानो एत्तॅ हॅन तुलेऽ’, तर अर्थ ‘तो म्हणाला की तो स्वतः येतोय’. ‘से सानो एत्तॅ से तुलेऽ’ म्हटलं तर येणारा दुसराच कोणीतरी. मराठीत ‘तो म्हणाला तो येतोय’ यात कोण येतंय ते आपल्याला संदर्भावरून ओळखावं लागतं. बोलीने एका सर्वनामात ते मिटवलं, आणि प्रमाण भाषेत हा फरक हरवला. ज्यांना बोली म्हणजे अडाणी भाषा वाटते त्यांना मी हे वाक्य आधी दाखवतो.

कारेलियन, मेॲनकिएली, सामी या पण फिनिशच्या बोली ना?

इथे घोळ होतो म्हणून सावकाश. सामी भाषा वेगळ्या, बोली नाहीत, फिनलंडमध्ये तीन सामी भाषा बोलल्या जातात. एस्टोनियन वेगळी. कारेलियन ही फिनिशच्या जवळची पण स्वतंत्र भाषा. तिचं नाव असलेल्या ‘कारेलियन बोली’ मात्र फिनिशच्या, आग्नेय गटातल्या. आणि योएन्सूऽकडचे लोक आपल्या बोलीला कारेलियनच म्हणतात, ‘मिए, सिए’ पण बोलतात, तरी अभ्यासकांच्या नकाशात ती सावो गटात बसते. महायुद्धात कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून आली आणि देशभर विखुरली गेली, त्यामुळे ती बोली जिथे जन्मली ती गावं आता सीमेपलीकडे आहेत.

‘मेॲनकिएली’ म्हणजे सरळ ‘आमची भाषा’, वर ‘मेॲन’ आलाच आहे. १८०९ मध्ये तोर्निओ नदीवर सीमा आली, एकाच बोलीची गावं दोन देशांत गेली, स्वीडनकडच्या भागाचा प्रमाण फिनिशशी संबंध तुटला. स्वीडनने २००० साली तिला अल्पसंख्य भाषा म्हणून मान्यता दिली. नदीच्या या काठावर बोली, त्या काठावर भाषा.

बोली मरतायत का?

जुन्या रूपात, हो. गावं रिकामी झाली, टीव्ही आला, सगळे दक्षिणेला आले. बरीच बारीक वैशिष्ट्यं फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलीत. पण ‘मिए’, ‘मेइरॅन’, ‘यालाका’ असल्या ठळक खुणा तरुण पोरंही अभिमानाने ठेवतात, मेसेजमध्ये बोलीतच टाइप करतात. पूर्वी शाळेत बोलीवरून टोकायचे, तो काळ बऱ्यापैकी मागे पडलाय. हे बघितलं की वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या पोरांची आठवण येते, जी पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात आपली बोली लपवतात.

मी कोणती शिकू मग?

लिहायला किर्याकिएली पक्की करा, त्याला पर्याय नाही. नागरिकत्वासाठी ‘यूकी’ नावाची भाषा परीक्षा बरेच जण देतात, तिथे तिसरी पातळी लागते, शिवाय अर्ज, ईमेल, ऑफिसची कागदपत्रं सगळं प्रमाण भाषेत. बोलायला पुहेकिएली. आणि बोली फक्त ऐकायला शिका, तीही जिथे राहता तिथली. ओढूनताणून बोलायची गरज नाही, दोन-तीन वर्षं राहिलात तर ‘मॅऽ’ किंवा ‘मिए’ आपोआप तोंडात बसतं आणि शेजाऱ्यांना त्याचं फार कौतुक वाटतं.

ऐकायला, शोधायला कुठे मिळेल?

हेलसिंकीत ‘कोतुस’ म्हणून देशी भाषांची सरकारी संस्था आहे. फिनिशचं ध्वनिमुद्रण संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झालं, गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना बसवून शेती, मासेमारी, लग्नं, भुतं असल्या विषयांवर बोलतं केलं आणि टेप करून ठेवलं. त्यातले नमुने ऑनलाइन ऐकता येतात. बोलींचा मोठा शब्दकोशही कोतुसचाच, नेटवर फुकट, अजून पूर्ण झालेला नाही, अक्षराअक्षराने पुढे सरकतोय. लाउरी केट्टुनेन यांनी १९४० मध्ये बोलींचे नकाशे छापले, कुठला आवाज कुठल्या गावापर्यंत जातो ते दाखवणारे, ते आजही वापरतात.

कुठून सुरुवात करायची सुचत नसेल तर सौनापासून (फिनिश वाफेच्या स्नानघरापासून) करा. बर्च झाडाच्या फांद्यांची जी जुडी अंगावर मारून घेतात तिला पश्चिमेला ‘विह्ता’ म्हणतात आणि पूर्वेला ‘वास्ता’. ऑफिसमध्ये जेवणाच्या टेबलावर विचारा, यातला बरोबर शब्द कोणता. मग फक्त ऐकत बसा, कोण कोणत्या बाजूने बोलतंय, कोणाचा ‘द’ कुठे गेला, कोण ‘मॅऽ’ म्हणतंय. अर्ध्या तासात प्रत्येकाचं गाव कळतं.